खर्जातला अल्बम: ‘द लो एंड थिअरी’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या न्यूयॉर्कच्या हिप हॉप गटाचा ‘द लो एंड थिअरी’ हा अल्बम मी गेली अनेक वर्षं मित्रमैत्रिणींना, भाचरांना, ऑफिसातल्या सोबत्यांना ऐकायला लावतो आहे. ऐकून झालं की बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. काही अगदी साधे, काही अडचणीत टाकणारे. उत्तरं एकदाची लिहून काढावीत म्हणून हे पान.

हा अल्बम नेमका कोणता आणि कधीचा?

गटाचा दुसरा अल्बम. 24 सप्टेंबर 1991 रोजी जाइव्ह रेकॉर्ड्सने काढला. 14 गाणी, एकूण लांबी जेमतेम 48 मिनिटं. पहिला अल्बम त्याआधी दीडच वर्षाने, एप्रिल 1990 मध्ये आला होता. त्याचं लांबलचक नाव होतं ‘पीपल्स इन्स्टिंक्टिव्ह ट्रॅव्हल्स अँड द पाथ्स ऑफ ऱ्हिदम’. तो रंगीबेरंगी, खेळकर, गमतीजमतींनी भरलेला होता. दुसऱ्या अल्बमात यांनी त्यातलं बरंचसं काढून टाकलं. उरला बेस, ड्रम आणि दोन आवाज. मला विचाराल तर या अल्बमची सगळी थोरवी या काढून टाकण्यातच आहे, आणि पुढची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्याशी येतील.

गटात कोण कोण आहे?

क्यू-टिप, फाइफ डॉग, अली शहीद मुहम्मद आणि जरोबी व्हाइट. क्यू-टिप आणि फाइफ हे न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागातल्या सेंट ऑल्बन्स भागातले, लहानपणापासूनचे दोस्त. अली ब्रुकलिनचा. तो गटाचा डीजे. क्यू-टिप आणि अली मॅनहॅटनमधल्या मरी बर्गट्रॉम हायस्कूलमध्ये एकत्र शिकले. त्याच शाळेत ‘जंगल ब्रदर्स’ गटाची मुलंही होती आणि ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ हे नाव त्यांच्यातल्याच आफ्रिका बेबी बॅमने सुचवलेलं. जरोबी पहिल्या अल्बमनंतर स्वयंपाकाच्या शिक्षणाकडे वळला आणि शेफ झाला, त्यामुळे या अल्बमात तो नाही. म्हणजे इथे आपण तिघांचं काम ऐकतो.

क्यू-टिपचा आवाज नाकातून येणारा, मऊ, गप्पा मारल्यासारखा. फाइफचा आवाज चढा, टोकदार, गल्लीत पैज लावणाऱ्या पोराचा. स्वतःच्या बुटक्या चणीचा त्याला अभिमान, तो ती गाण्यातून मिरवतो. हे दोन आवाज एकमेकांना फार शोभतात.

‘लो एंड’ म्हणजे काय?

दोन अर्थ सांगितले जातात आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिला आवाजाचा. ‘लो एंड’ म्हणजे ध्वनीचा तळ, बेस, आपण ज्याला खर्ज म्हणतो तो भाग. दुसरा समाजाचा. अमेरिकेच्या उतरंडीत कृष्णवर्णीय पुरुषाला तळाशी ठेवलेलं आहे, तो तळ. या दोन अर्थांना एकत्र बांधण्यासाठी अल्बममध्ये कुठेही भाषण नाही. खालचा आवाज पुढे आणून, मोठा करून ते बांधलेले आहेत.

मी ऐकला, पण पोकळ वाटला. माझं काय चुकतंय?

बहुधा तुम्ही फोनच्या स्पीकरवर ऐकलात. मीही पहिल्यांदा तसाच ऐकला आणि चौथ्या गाण्याशी थांबलो. तो इवलासा स्पीकर खालचे सूर देऊच शकत नाही. डबल बेसची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते. फोनमधून ती गायबच होते. तबलजीचा डग्गा काढून घ्या आणि नुसत्या चाटीवर मैफल ऐका, तसा हा प्रकार. इतर अल्बमांत वरच्या पट्टीत गिटार, सिंथ, कोरस असं बरंच काही असतं, त्यामुळे खालचं गेलं तरी निभावतं. इथे वर जवळजवळ काहीच ठेवलेलं नाही. खालचं गेलं की अल्बमच गेला.

बरे हेडफोन घ्या, किंवा घरातल्या मोठ्या स्पीकरवर लावा. पहिलं गाणं ‘एक्सकर्शन्स’. सुरुवातीला एकटा बेस येतो. ड्रम नाहीत, काही नाही. मग त्या बेसवर क्यू-टिप बोलू लागतो, आणि बऱ्याच वेळाने ड्रम पडतात. ते ड्रम पडण्याच्या क्षणाला लक्ष द्या. समेवर येणं ही गोष्ट ज्याच्या कानात मुरलेली आहे, त्याला तिथे काय होतं हे सांगायची गरज पडत नाही.

त्या पहिल्या गाण्यातला बेस कुठून आला?

जॅझ ड्रमवादक आर्ट ब्लेकी आणि त्यांच्या ‘जॅझ मेसेंजर्स’ या गटाच्या ‘अ चांट फॉर बू’ या 1970 च्या दशकातल्या रेकॉर्डमधून. पण जशाचा तसा नाही. मूळ चाल तीनच्या वजनातली आहे. क्यू-टिपने ती कापून, थोडी ताणून चारच्या वजनात बसवली. आपल्या भाषेत सांगायचं तर दादऱ्याच्या झोक्यातली चाल केरव्यात आणली, आणि तीही अशी की मूळचा झोका पुसला गेला नाही. बेस थोडा मागे रेंगाळल्यासारखा वाटतो ना, तो त्यामुळे. दोन्ही रेकॉर्ड एकामागून एक ऐकून पाहा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्या एका लूपवर, म्हणजे फिरून फिरून वाजणाऱ्या तुकड्यावर, अख्खी संध्याकाळ गेली.

याच गाण्यात ‘द लास्ट पोएट्स’ या हार्लेमच्या कवी-गटाचा आवाजही येतो. ढोलाच्या ठेक्यावर राजकीय कविता म्हणणारी ही मंडळी 1960 च्या दशकाच्या अखेरची. रॅपच्या आधीचे रॅपर म्हटलं तरी चालेल. म्हणजे पहिल्याच गाण्यात दोन पूर्वज हजर आहेत, एक वादक आणि एक कवी.

जॅझ आणि हिप हॉपचा मेळ यांनीच पहिल्यांदा घातला का?

नाही. असं लिहिलेलं अनेक ठिकाणी सापडतं, पण ते बरोबर नाही. ‘स्टेटसासॉनिक’ या गटाने 1988 मध्ये ‘टॉकिन ऑल दॅट जॅझ’ केलं होतं. ‘गँग स्टार’ या गटाने 1989 मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीची धून घेऊन ‘वर्ड्स आय मॅनिफेस्ट’ केलं. ‘जंगल ब्रदर्स’ आणि ‘डे ला सोल’ हे तर यांचे जवळचे सोबती, ‘नेटिव्ह टंग्ज’ या दोस्तमंडळातले. तेही जुन्या रेकॉर्ड खोदतच होते.

ट्राइबने वेगळं काय केलं? तोपर्यंत जॅझचा तुकडा बहुतेक वेळा सजावट म्हणून यायचा: मध्येच एखादा सॅक्सोफोन, ट्रम्पेटची एखादी लकेर. या अल्बमने जॅझमधला बेस घेतला, ड्रमचा स्वभाव घेतला आणि मुख्य म्हणजे मोकळी जागा घेतली. वादकांनी एकमेकांना बोलायला जागा द्यायची ही जॅझची रीत. इथे ती दोन रॅपरांमध्ये दिसते. ‘चेक द ऱ्हाइम’ ऐका. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो, मग उलट. सवाल-जवाब म्हटलं तर आपल्याला लगेच कळेल, फक्त इथे दोघे एकाच बाजूचे आहेत.

या पोरांना जॅझ कुठून कळलं?

घरातून आणि गल्लीतून. क्यू-टिपच्या वडिलांकडे जॅझ रेकॉर्डचा मोठा साठा होता. ‘एक्सकर्शन्स’च्या पहिल्याच ओळींत बापलेकाचं बोलणं आहे: वडील म्हणतात, तुमचं हे हिप हॉप ऐकून मला बीबॉप (त्यांच्या काळचं वेगवान जॅझ) आठवतं. मुलगा म्हणतो, बाबा, गोष्टी फिरून फिरून परत येतातच. अल्बमची सुरुवात बापाशी भांडून होत नाही, बापाला दुजोरा देऊन होते. त्या काळच्या रॅपमध्ये हे फार क्वचित ऐकू यायचं.

आणि गल्ली म्हणाल तर सेंट ऑल्बन्स ही साधीसुधी वस्ती नव्हे. तिथल्या ॲडिस्ली पार्क भागात काउंट बेसी राहत, एला फिट्झगेराल्ड राहत, लीना हॉर्न राहत. जॉन कोल्ट्रेनचं घर सेंट ऑल्बन्समध्येच मेक्सिको स्ट्रीटवर होतं. डबल बेसचे थोर वादक मिल्ट हिंटन तर तिथे आयुष्यभराचे रहिवासी झाले. जेम्स ब्राउनही काही काळ इथलाच. यशस्वी कृष्णवर्णीय कलावंतांना न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं, अंगण असलेलं घर घेता येईल अशा जागा त्या काळी फार कमी होत्या, त्यातली ही एक. ही पोरं वाढली तोवर ते वैभव ओसरलं होतं, पण ती घरं आणि त्यांच्या गोष्टी तिथेच होत्या. त्यामुळे या अल्बममधलं जॅझ मला बाहेरून आणलेलं वाटत नाही. वाड्यातल्या माळ्यावरची पेटी उघडून काढल्यासारखं वाटतं.

दुसऱ्याच्या रेकॉर्डचे तुकडे जोडून गाणं केलं, तर यांची कला कुठे राहिली?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, विशेषतः शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांकडून. म्हणून जरा सविस्तर.

सॅम्पलिंगचं काम साधारण असं चाले. जुन्या दुकानांत, धुळीच्या खोक्यांत बसून रेकॉर्ड शोधायच्या. एखाद्या रेकॉर्डमध्ये दोन-तीन सेकंदांचा तुकडा सापडायचा: चार ठोके मोकळे वाजलेले ड्रम, किंवा बेसची एक चाल. तो तुकडा सॅम्पलर नावाच्या यंत्रात घ्यायचा. त्या काळी न्यूयॉर्कच्या हिप हॉपमध्ये दोन यंत्रं घरोघर, ई-म्यूचं एसपी-1200 आणि अकाईचं एस950. एसपी-1200 मध्ये एकूण 10 सेकंदांच्या आसपासच आवाज मावायचा. जागा वाचवायला लोक 33 च्या वेगाची रेकॉर्ड 45 वर पळवून आत घेत आणि आत गेल्यावर वेग उतरवत. त्यात आवाज थोडा खरखरीत, थोडा जाड व्हायचा. आज लोक तोच जाडपणा मुद्दाम शोधतात.

मग येते ती खरी युक्ती, फिल्टरची. रेकॉर्डवर तर सगळं एकत्र वाजत असतं: बेस, पियानो, झांजा, सॅक्स. फिल्टर लावून वरचे सूर हळूहळू दाबत गेलं की झांजा विरतात, पियानो विरतो आणि शेवटी नुसता तळ घुमत राहतो. भिंतीपलीकडच्या लग्नातलं गाणं जसं ऐकू येतं, शब्द नाहीत, नुसती धडधड, तसं. तो तळ एकीकडून घ्यायचा, ड्रम दुसरीकडून आणि एखादी लकेर तिसरीकडून. सुरात, लयीत जुळलं पाहिजे, आणि जुळूनही प्रत्येकाचा स्वभाव राहिला पाहिजे. ‘चेक द ऱ्हाइम’मध्ये ‘ॲव्हरेज व्हाइट बँड’चे ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं, आहेत आणि गायिका मिनी रिपर्टनच्या ‘बेबी, धिस लव्ह आय हॅव’मधली चाल आहे. दोन्ही 1970 च्या दशकातल्या, पण एकमेकांशी काही नातं नसलेल्या रेकॉर्ड. त्यांचं इथे लग्न लागलं, ते कुणाच्या तरी कानाने लावलं.

हे सगळं नीट, स्वच्छ ऐकू यावं यासाठी बॉब पॉवर या ध्वनी-अभियंत्याने घेतलेली मेहनत विसरता येणार नाही. तो स्वतः गिटारवादक आणि संगीत शिकलेला माणूस. बहुतेक काम न्यूयॉर्कच्या बॅटरी स्टुडिओत झालं. तेव्हाचे कितीतरी स्टुडिओवाले रॅपरांना संगीतकारच मानत नसत. बॉबने या पोरांचं म्हणणं ऐकून घेतलं, तुकड्यांमधली खरखर काढली आणि बेसला तळाशी जागा करून दिली. 

पण मूळ कलाकारांना पैसे मिळाले का?

हा वेगळा प्रश्न आहे आणि रास्त आहे. 1991 पर्यंत नियम धूसर होते. काही तुकड्यांची परवानगी घेतली जाई, काहींची नाही. ट्राइबला याचा चटका आधीच बसला होता. पहिल्या अल्बममधल्या ‘कॅन आय किक इट?’ या त्यांच्या गाजलेल्या गाण्यात रॉक गायक लू रीडच्या गाण्यातली बेसची चाल आहे. रीडने परवानगी दिली, पण त्या गाण्याचे पैसे त्याच्याकडेच गेले. फाइफने पुढे हे मुलाखतीत सांगितलं होतं.

‘द लो एंड थिअरी’ बाजारात आल्यावर तीन महिन्यांच्या आत, 17 डिसेंबर 1991 रोजी, न्यूयॉर्कच्या न्यायालयात बिझ मार्की या रॅपरच्या विरोधात निकाल लागला. त्याने गायक गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरला होता. न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची आधी परवानगी, आधी पैसे, असा रिवाज पडला. एका गाण्यात चार-पाच रेकॉर्ड जोडणं महाग झालं. म्हणून या अल्बमकडे एका दाराच्या बंद होण्याआधीचं काम म्हणूनही पाहता येतं. मूळ वादकांना मोबदला मिळायलाच हवा असं माझं मत आहे. त्याच वेळी, त्या निकालानंतर एक प्रकारचं संगीत बनणं कमी झालं हेही खरं आहे. या दोन्ही गोष्टी मला एकदम पटतात आणि त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

यात खरा वादक कुणी आहे की नाही?

आहे, आणि कोण म्हणता! रॉन कार्टर. थोर जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 1960 च्या दशकातल्या पंचकाचा, म्हणजे पाच वादकांच्या गटाचा, बेस ज्यांनी सांभाळला ते रॉन कार्टर. जगात सर्वाधिक ध्वनिमुद्रणांत वाजलेला जॅझ बेसवादक म्हणून गिनेसने त्यांची नोंद केली आहे, 2015 च्या त्या नोंदीत आकडा 2,221 होता.

‘व्हर्सेस फ्रॉम द ॲब्स्ट्रॅक्ट’ या गाण्यात ते डबल बेस वाजवतात. बोलावणं गेलं तेव्हा त्यांची अट होती: शिवीगाळ नको. क्यू-टिपने त्यांना सांगितलं की आम्ही खऱ्या गोष्टींबद्दल बोलतो आहोत, आणि ते आले. तेव्हा कार्टर पन्नाशी ओलांडलेले, क्यू-टिप विशीतला. गाण्यात क्यू-टिप त्यांचं नाव घेऊन आभार मानतो. उस्तादांच्या साथीला बसायला मिळालेल्या शागिर्दासारखा तो आवाज मला दर वेळी वाटतो. खरं तर साथीला उस्ताद बसले होते.

अल्बम आला 24 सप्टेंबरला. चारच दिवसांनी, 28 सप्टेंबर 1991 रोजी, माइल्स डेव्हिस गेले.

फाइफ पहिल्या अल्बममध्ये फारसा का नाही?

कारण त्याचं लक्ष नव्हतं, आणि हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. पहिल्या वेळी तो मोजक्याच गाण्यांत आहे. त्याचा जीव बास्केटबॉलमध्ये, मित्रांत. मग मे 1990 मध्ये, म्हणजे पहिला अल्बम येऊन महिनाच झाला होता, त्याला मधुमेहाचं निदान झालं. वय 19.

पुढची गोष्ट तो सांगायचा ती अशी. क्वीन्सहून मॅनहॅटनला जाणाऱ्या ट्रेनमध्ये त्याला क्यू-टिप भेटला. म्हणाला, पुढच्या अल्बमचं काम सुरू करतोय, एक-दोन गाण्यांत तू हवा आहेस, पण मनावर घ्यायला हवं. फाइफने मनावर घेतलं. एक-दोन गाण्यांचं बोलावणं होतं, आणि अल्बम दोघांचा झाला.

अल्बमचं दुसरं गाणं, ‘बगिन आउट’, तोच सुरू करतो. ‘एक्सकर्शन्स’मध्ये क्यू-टिप एकटा बोलतो, ते संपतं, आणि लगेच फाइफ माइक तपासत आत शिरतो. घरात धाकटा भाऊ धाडकन दार उघडून यावा तसा. चौथं गाणं ‘बटर’ त्याच्या एकट्याचं, पाचवं ‘व्हर्सेस’ क्यू-टिपचं एकट्याचं. ही दोन लागोपाठ ठेवली आहेत, त्यामुळे दोघांच्या वळणातला फरक आपोआप कळतो. क्यू-टिप शब्द सोडून देतो, फाइफ शब्द आपटतो. त्याचं कुळ त्रिनिदादचं, आई शेरिल बॉइस-टेलर ही नावाजलेली कवयित्री. त्या बेटाची लय त्याच्या जिभेवर आहे.

लोक क्यू-टिपला या अल्बमचा मेंदू म्हणतात. असेल. पण फाइफशिवाय हा अल्बम हुशार झाला असता, जिव्हाळ्याचा झाला नसता.

मला अमेरिकन इंग्रजी रॅप झेपत नाही. तरी ऐकू का?

ऐका. पहिल्या दोन वेळा शब्दांच्या मागे लागू नका, आवाज वाद्य म्हणून ऐका. तराण्यातले बोल आपण कुठे अर्थ लावत ऐकतो? तिसऱ्या वेळी शब्द समोर ठेवून वाचा. त्या काळच्या जाहिराती, खेळाडू, टीव्हीवरच्या मालिका यांचे उल्लेख खूप आहेत, ते सगळे कळले नाहीत तरी बिघडत नाही. ‘व्हॉट?’ हे तेरावं गाणं नवख्यांसाठी मी मुद्दाम सुचवतो, कारण त्यात जवळपास प्रत्येक ओळ हा एक छोटा प्रश्न आहे: अमुक नसेल तर तमुक काय कामाचं? वाक्यं छोटी, ठसठशीत, पटकन पकडीत येणारी.

‘स्कायपेजर’ म्हणजे काय?

पेजर. मोबाइलच्या आधीचं, कमरेला लावायचं यंत्र, ज्यावर फोन करणाऱ्याचा नंबर यायचा. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात ते आलं आणि लगेच गेलं. गाणं अडीच मिनिटांच्या आतलं आहे, आणि अल्बममध्ये काळाने जुनं झालेलं असं तेवढंच.

‘नियम 4080’ हा काय प्रकार?

‘चेक द ऱ्हाइम’मध्ये क्यू-टिप संगीत-व्यवसायाचा चार हजार ऐंशीवा नियम सांगतो: रेकॉर्ड कंपनीची माणसं भरवशाची नसतात. आकडा मनाचा, यमकासाठी बसवलेला. पण ओळ इतकी गाजली की आजही करार हातात पडलेला नवा रॅपर तिची आठवण काढतो.

हा राग एका ओळीपुरता नाही. ‘रॅप प्रमोटर’मध्ये पैसे बुडवणारे कार्यक्रम-आयोजक आहेत. ‘शो बिझनेस’मध्ये ‘ब्रँड न्यूबियन’ या गटातल्या दोघांसोबत आणि डायमंड डी या रॅपरसोबत मिळून नव्या पोरांना सावध केलं आहे. पहिल्या अल्बमनंतर या मुलांनी धंदा आतून पाहिला होता. विशीच्या उंबरठ्यावर सह्या करून बसलेल्या मुलांची ही तक्रार आहे, म्हणून ती खरी लागते.

यात आज खटकण्यासारखं काही आहे का?

आहे, आणि ते झाकून अल्बमची शिफारस करणं मला बरोबर वाटत नाही. ‘शो बिझनेस’ आज जसं आहे तसं मुळात नव्हतं. त्या जागी ‘जॉर्जी पोर्जी’ नावाचं गाणं होतं, समलिंगी माणसांची टवाळी करणारं. कंपनीने ते नाकारलं, मग नवे शब्द लिहून ‘शो बिझनेस’ झालं. कंपनीवर एवढं तोंडसुख घेणाऱ्या अल्बममध्ये कंपनीचा हा एक निर्णय मात्र योग्यच होता.

दुसरं, ‘द इन्फेमस डेट रेप’. 1991 मध्ये संमतीशिवायच्या संबंधांबद्दल रॅपमध्ये बोलणं हेच वेगळं होतं. मुली नकार देतात तेव्हा तो नकार समजा, असा सूर त्यात आहे. पण त्याच गाण्यात बायकांकडे संशयाने पाहणाऱ्या ओळीही आहेत, आणि ‘बटर’मध्येही मुलींना ऐकवलेले टोमणे आहेत. घरातल्या मोठ्या मुलामुलींसोबत ऐकत असाल तर यावर बोला. अल्बम त्याने लहान होत नाही, लिहिणारे किती कोवळे होते ते दिसतं.

सगळे शेवटच्या गाण्याबद्दलच का बोलतात?

कारण ‘सिनारिओ’ संपताना बिझी रात्रीनंतर पहाट व्हावी तसं होतं. इथे ट्राइबसोबत ‘लीडर्स ऑफ द न्यू स्कूल’ हा गट आहे. फाइफ सुरुवात करतो, मग चार्ली ब्राउन, मग डिंको डी, मग क्यू-टिप. आणि सर्वांत शेवटी एक 19 वर्षांचा मुलगा, घोगऱ्या आवाजाचा, श्वास न घेता बोलणारा, ड्रॅगनसारखा डुरकावणारा. बस्टा ऱ्हाइम्स. त्या एका कडव्याने त्याचं आयुष्य बदललं.

क्यू-टिपने शेवटची जागा पाहुण्याला दिली, हे मला त्या कडव्याइतकंच मोठं वाटतं. आपल्या सर्वांत महत्त्वाच्या अल्बमचा शेवटचा शब्द दुसऱ्या गटातल्या पोराला द्यायचा. यालाही मी मघाशी म्हटलेली जॅझची रीतच म्हणेन.

अशीच दिलदारी ‘जॅझ’ या गाण्यातही आहे. त्याच्या बीटची, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या संगीताची, मूळ कल्पना पीट रॉक या निर्मात्याची. क्यू-टिपने तो बीट स्वतः पुन्हा बांधला, पण गाण्याच्या शेवटी पीट रॉकचं नाव मोठ्याने घेतलं.

मुखपृष्ठावर ती रंगवलेली बाई कोण?

काळ्या पार्श्वभूमीवर गुडघ्यांवर बसलेली स्त्री, अंगावर लाल आणि हिरव्या रंगाचे पट्टे. लाल, काळा, हिरवा हे कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्या चळवळीने 1920 मध्ये स्वीकारलेल्या ध्वजाचे रंग, जगभरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे. ही रंगवलेली आकृती पुढच्या अल्बमांवरही येत राहिली आणि गटाची ओळख झाली.

अल्बम चालला का? मान मिळाला का?

बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत तो 45 व्या क्रमांकापर्यंतच गेला. ज्या दिवशी तो आला त्याच दिवशी ‘निर्वाणा’ या रॉक बँडचा ‘नेव्हरमाइंड’ही आला होता. पण फेब्रुवारी 1992 मध्ये, म्हणजे पाच महिन्यांत, 5 लाख प्रतींचं गोल्ड आणि 1995 मध्ये 10 लाखांचं प्लॅटिनम मिळालं. हिप हॉपचं तेव्हाचं वजनदार मासिक ‘द सोर्स’ने पाचपैकी पाच माइक दिले. 2022 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो जपून ठेवण्याच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत घेतला. गट 2024 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला.

यानंतर काय ऐकावं?

1993 चा ‘मिडनाइट मरॉडर्स’. पुष्कळांना तो याहून आवडतो, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. तो जास्त गोळीबंद, जास्त चमकदार आहे. मला मोकळी जागा प्रिय, म्हणून मी इथेच परततो. मग थेट 2016 चा शेवटचा अल्बम, ‘वी गॉट इट फ्रॉम हिअर... थँक यू फॉर युअर सर्व्हिस’. गट 1998 मध्ये फुटला होता, दोघा मित्रांत वर्षानुवर्षं अबोला-भांडणं झाली. मायकेल रॅपपोर्टच्या 2011 च्या माहितीपटात ते सगळं दिसतं आणि पाहताना वाईट वाटतं. फाइफला 2008 मध्ये मूत्रपिंड बदलावं लागलं, ते त्याच्या पत्नीने दिलं. तरीही ते पुन्हा एकत्र बसले, गुपचूप काम सुरू केलं. 22 मार्च 2016 रोजी फाइफ गेला, 45 वर्षांचा होता. अल्बम नोव्हेंबरमध्ये आला आणि पहिल्या क्रमांकावर पोचला.

न्यूयॉर्कला गेलो तर पाहण्यासारखं काही आहे का?

न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांकडून हा प्रश्न दर वर्षी येतो. आहे. जमैका सेंटरपर्यंत ई ट्रेन, तिथून लिंडन बुलेवार्डवरून जाणारी क्यू4 बस. 192 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उतरा. ‘चेक द ऱ्हाइम’ची सुरुवात ज्या लिंडन बुलेवार्डच्या आठवणीने होते तो हाच रस्ता, आणि त्या गाण्याच्या व्हिडिओत गच्चीवर उभी राहून ही पोरं गातात ती गच्चीही याच कोपऱ्यावरची, कपडे धुण्याच्या दुकानाची. भिंतीवर गटाचं मोठं चित्र रंगवलेलं आहे. आणि खांबावर 2016 पासून हिरवी पाटी आहे: मलिक ‘फाइफ डॉग’ टेलर वे. हेडफोन सोबत न्या. मोठे न्या, बेस ऐकू येणारे.